निरोपांचं कडं

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मोठे कॉम्प्युटर तेव्हा कपाटाएवढे असत आणि त्यांच्या गार खोलीत भर दुपारी स्वेटर घालून बसावं लागे.

एकाच घरच्या दोघी जावा असे कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होत्या. धाकटी इंजिनियर. आठ लहान कॉम्प्युटर जोडून एक मोठा करायचा, तर कोणी कोणाला कुठल्या वाटेनं निरोप धाडायचा, हा आराखडा तिचा. थोरली वायरी जोडायची. तिला धाकटीनंच शब्द टाकून चिकटवलं होतं.

धाकटीनं कॉम्प्युटरच्या आठही पेट्या गोल कड्यात जोडल्या. निरोप शेजारच्या पेटीत जायचा, तिथे टेकून पुढे. टेकायला जागा मात्र प्रत्येक पेटीत एकाच निरोपापुरती. "एवढ्यात भागतंय की," असं ती ऐटीत म्हणाली होती. चाचणीत भागलंही.

गिऱ्हाईक बघायला आलं. सगळ्या पेट्या एकदम बोलायला लागल्या आणि मशीन गप्प झालं. बिघाडाचा दिवासुद्धा लागला नाही. काय झालं ते धाकटीच्या लगेच ध्यानात आलं. प्रत्येक पेटी भरलेली, प्रत्येक निरोप पुढची रिकामी व्हायची वाट बघतोय, आणि कड्याला तर शेवटच नाही!

"वायरिंग कोणाचं?" साहेब कडाडले.

"माझं," म्हणत थोरली पुढे झाली. गुडघे टेकून एकेक वायर चाचपू लागली. 'वहिनी, थांबा' हे शब्द धाकटीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच विरले. परक्यांसमोर आपली चूक कशी सांगायची?

थोरलीनं एक वायर उपसली, आणि मशीन सुरू झालं! कडं तुटलं होतं; तिथला एक निरोप गळून जागा रिकामी झाली आणि बाकीचे अडकलेले निरोप उलट्या बाजूनं वाट काढत सुटले. वायर चांगली होती, पण हे त्या खोलीत फक्त धाकटीला ठाऊक होतं.

"सापडला चोर!" साहेब हसले. "बाई, डोळे तपासून घ्या. आणि उद्यापासून यायची तसदी नको."

थोरली ओशाळली. धाकटीच्या कानाशी येऊन म्हणाली, "माझ्यापायी तुला खाली बघावं लागलं गं."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भांडी विसळताना तिनं सगळं सांगून टाकलं. थोरलीनं हातातलं पातेलं उपडं ठेवलं.

"मग तिथे का नाही बोललीस?"

"धीर झाला नाही, वहिनी."

"इथे बोलून काय उपयोग? घरात मला कुणी नावं ठेवली नव्हती."

सकाळी धाकटी साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "वायर बिघडली म्हटलं की गिऱ्हाईक हसून सोडतं. आराखडा चुकला म्हटलं तर ऑर्डर जाते. तोंड मिटून बसा." ती बसली. या दुसऱ्या गप्प बसण्याची लाज तिला पहिल्याहून जास्त वाटली.

कड्यात एक जागा कायम रिकामी राखायची, असा नियम तिनं पुढे गुपचूप घातला. मशीन वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. साहेब हारतुरे घेऊन निवृत्त झाले. धाकटी त्यांच्या खुर्चीत बसली. थोरलीनं शिवणकाम धरलं, जम बसवला, धाकटीची दोन्ही बाळंतपणंही मायेनं केली. त्या दिवसाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. फक्त घरातला फ्यूज उडाला की म्हणायची, "वायरमनला बोलवा बाई, माझा हात नको." तेव्हा धाकटी मान वर करत नसे.