डॉक्टरांसमोर मराठीत

डाव्या कानाला फोन लावला की शिवांजलीला काही ऐकू येईना, तेव्हा तिने ऑफिसातला फोनच बदलून घेतला. गुडगावला नव्याने उघडलेली परदेशी कंपनी, मागेल ते मिळायचं. दुसरा फोनही मुकाच निघाला. मग चालताना तोल जायला लागला. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, विनायकने, तिचा एमआरआय करून आणला. दिल्लीत तेव्हा त्याचंही अप्रूप होतं. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हे, पण मोठी. ऑपरेशन टळणार नव्हतं.

विनायकने मला पुण्याहून बोलावून घेतलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी त्यांचं घर आणि नऊ वर्षांची लेक रुचिता सांभाळत होते. बायकोला त्याने सांगितलं होतं ते एवढंच, "छोटी गाठ आहे, काढली की झालं." मला हे मुळीच पटत नव्हतं. पण नवराबायकोच्या मधे नणंदेने पडू नये, म्हणून मी तोंड मिटून होते.

सर्जन सहगलांनी भेटायला बोलावलं. शिवांजलीची शेजारच्या खोलीत कानाची तपासणी चालली होती. सहगल आम्हाला हिंदीत म्हणाले, त्या कानाचं ऐकणं तर जाणारच. पण चेहऱ्याची नस गाठीला चिकटलीय. सगळी गाठ काढली तर तोंड वाकडं होईल, डोळा मिटणार नाही. थोडी ठेवली तर ती पुन्हा वाढू शकते. काय करायचं ते पेशंटला विचारून सांगा.

दिल्लीतल्या मराठी माणसाला एक खोड असते. भाजीवाल्यापुढे, साहेबापुढे, तो बिनधास्त मराठीत बोलतो. समोरच्याला कळतंय कुठे! विनायक तिथेच मला म्हणाला, "ताई, चेहऱ्याचं तिला बिल्कुल कळता कामा नये. ऑपरेशनलाच नाही म्हणेल. थोडी राहू दे गाठ. तिला विचारलं असं मी सांगतो यांना."

शिवांजली आत आली. विनायक दारातच तिच्याशी काहीबाही दोन शब्द बोलला. "पूछ लिया जी इनसे," विनायक म्हणाला.

सहगल उठले आणि खुर्ची घेऊन तिच्या उजव्या बाजूला बसले. "मी पुण्यात शिकलो," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही. मी विचारतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विनायकची मान वर होईना. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. मी तिचा हात धरला.

"सगळी काढा," ती म्हणाली. "तोंड वाकडं झालं तर होऊ दे. ही परत नको."

मग ती विनायककडे वळली. "एवढंच होतं, अहो? तुम्ही रात्ररात्र जागता, ताई देवापुढून उठत नाहीत. मला वाटलं, मी काही वाचत नाही. तुमचं अडू नये म्हणून रुचिताला पोळ्या लाटायला शिकवत होते मी."