लोरेटाचा प्रश्न आणि मी

मित्रांनो, ओहायोतल्या वेल्बी गावच्या शाळेतला जुना माईक तो मीच. माझ्या जाळीला डावीकडे पोचा आला आहे आणि आता मला कुणी वापरत नाही. पण जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, आज थोडं माझं ऐका.

माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. त्याला तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी चिकटवलेली आहे आणि तिच्याभोवती चुंबक आहे. कुणी बोललं की पडदा थरथरतो, गुंडाळी हलते आणि तारेत वीज उमटते. एवढंच माझं काम. खऱ्या बोलण्याने पडदा जसा हलतो, तसाच खोट्यानेही हलतो. याची मला नेहमी खंत वाटत आली.

शाळेचे शिपाई एमेट कोवाल्चिक यांनी मला तीस वर्षं सांभाळलं. माझी वायर गुंडाळताना ते एक वेढा सरळ आणि एक उलटा घालायचे, म्हणजे तारेला पीळ पडत नाही. बास्केटबॉलचे सामने, बक्षीस समारंभ, युद्धावरून न परतलेल्या मुलांच्या शोकसभा, सगळीकडे मी होतो. आवाज स्वच्छ आला असं कुणी म्हटलं की एमेट म्हणायचे, "माईकला सांगा. मी नुसतं बटण दाबतो."

निवडणुकीत आमचं राज्य कधी एका पक्षाकडे झुकतं, कधी दुसऱ्याकडे. म्हणून दर चार वर्षांनी अध्यक्षपदाचे उमेदवार आमच्या लहान गावातही यायचे.

अशाच एका निवडणुकीच्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कची एक मोठी बँक बुडाली आणि इतर बँकांनी घाबरून कर्ज देणंच थांबवलं. वेल्बीत शाळेच्या पिवळ्या बस बनवायचा कारखाना होता. कर्ज मिळालं तरच तिथे पोलाद यायचं. एमेटची बायको लोरेटा त्या कारखान्यात बावीस वर्षं सीटची कव्हरं शिवत होती. एमेटना रक्ताचा कॅन्सर झाला होता. दर दोन आठवड्यांनी लागणारं इंजेक्शन लोरेटाच्या नोकरीच्या विम्यातून मिळायचं. कारखाना बंद झाला, तर विमाही बंद होणार होता.

दोन उमेदवारांपैकी आधी सिनेटर विटकॉम सभेला आले. सभेत प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती माईक द्यायचा नाही, असा या प्रचारवाल्यांचा नियम असतो. त्यांची एक तरुण कार्यकर्ती मला घट्ट धरून लोरेटाच्या तोंडासमोर उभी राहिली.

"तिच्या हातात दे गं," एमेट म्हणाले. "पळवून नाही नेणार. घरी आधीच एक जुना आवाज आहे, तोच तिला पुरतो."

लोक हसले. लोरेटाने विचारलं, "कारखाना बंद पडला तर माझ्या नवऱ्याच्या इंजेक्शनचं काय, सिनेटरसाहेब?"

"मॅडम, ही वेळ राजकारणाची नाही," सिनेटर म्हणाले. "मी या क्षणी प्रचार थांबवतोय आणि राजधानीला निघतोय."

टाळ्या पडल्या. ते गेलेसुद्धा. लोरेटा उभीच होती.

"प्रचार थांबवायचा तर इतक्या कॅमेऱ्यांसमोर थांबवतात होय?" माझी वायर गुंडाळताना एमेट म्हणाले.

तीन दिवसांनी दुसरे उमेदवार, गव्हर्नर डेलानी आले. ते शांत होते. लोरेटाचा तोच प्रश्न ऐकून त्यांनी तिचं नाव विचारलं, एमेटचं नाव विचारलं, आजार विचारला. मग चार कलमांची योजना सांगितली. शेवटी म्हणाले, "लोरेटा, तुझा नंबर देऊन ठेव. आमची माणसं फोन करतील."

"यांनी नाव तरी विचारलं," लोरेटा म्हणाली. तिने नंबर दिला.

तिथेच चूक झाली. दहा ऑक्टोबरला कारखान्याला कुलूप लागलं. औषधासाठी सरकारी मदतीचा अर्ज करायला हवा होता. पण आपलं नाव वर पोचलं आहे, या भरवशावर ती दोघं फोनची वाट पाहत राहिली. दोन इंजेक्शनं चुकली. इकडे गव्हर्नर प्रत्येक सभेत लोरेटाची गोष्ट सांगू लागले. मग सिनेटरही सांगू लागले. टीव्हीवरच्या चर्चेत दोघांनी मिळून तिचं नाव सात वेळा घेतलं.

"सात वेळा," दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन एमेट मला पुसत म्हणाले. "आणि फोन एकही नाही." त्यांचे हात तापाने गरम लागत होते. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत.

मतदान आमच्या व्यायामशाळेतच होतं. कोणतं टेबल रिकामं झालं ते पुकारायला मला ठेवलं होतं. लोरेटा रांगेत होती. पुढची बाई गावाबाहेरच्या लांबच्या मळ्यावरून आली होती. ती मागे वळून म्हणाली, "काल रात्री गव्हर्नरांनी पुन्हा तुझी गोष्ट सांगितली गं. एमेट अजून औषधाची वाट बघतोय म्हणाले. रडूच आलं मला."

लोरेटा रांग सोडून टेबलाशी आली आणि तिने मला उचललं.

"लोरेटा, इथे उमेदवारांबद्दल बोलायला बंदी आहे," मतदान अधिकारी हॅरिएट हळूच म्हणाली.

"उमेदवारांबद्दल नाही बोलत, हॅरिएट. मयताची बातमी सांगतेय." मग तिने मला तोंडाशी धरलं. "एमेट वाट बघत नाहीये. तो रविवारी पहाटे गेला. गुरुवारी दहा वाजता दफन आहे."

तिने मला जपून खाली ठेवलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे जायला कितीतरी जणांनी जागा दिली, पण ती गेली नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत, कपाटात टाकून दिलंत, तरी चालेल. मात्र कुणाचं दुःख चारचौघांत सांगायला उभे राहाल, तेव्हा त्याआधी त्या माणसाच्या दारी एकदा जा आणि तो कसा आहे ते विचारून या.