नकाशावरचा गुलाबी ठिपका

मित्रांनो, मी एक जुना खडक आहे. जुना म्हणजे असा की समोरचा डोंगर, नदी, रस्ता ही सगळी माझ्यापुढे कालची पोरं. जमिनीच्या पोटात खोल भाजून, दाबून मी घडलो. म्हणून माझ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे आहेत. मधोमध ते दुमडलेले होते, चादरीच्या घडीसारखे. तेच माझं देखणेपण. आता मी रस्त्याच्या वळणावर, गॅरेजच्या मागे उघडा पडलो आहे.

दगडाला भावना नसतात म्हणतात. असेलही. मला फारसं काही वाटत नाही.

मला पहिल्यांदा ओळखलं ते भूगर्भशास्त्राच्या एका मास्तरांनी. खडकाचा वरचा थर उन्हापावसानं फसवा होतो. म्हणून ही मंडळी हातोड्यानं टवका उडवतात आणि आतला ताजा भाग बघतात. मास्तरांनीही घडीचा टवका काढला. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले. ते कौतुक आठवतं.

पुढे त्यांच्या लेकीनं फोनवरचा नकाशा केला. रंगावर बोट टेकवलं की तिथला खडक कोणता, किती जुना, तिथे जायचं कसं, सगळं कळतं. सर्वांत जुन्यांना गुलाबी ठिपका. तिनं मोठ्या हौसेनं माझ्या घडीचा फोटो टाकला आणि ठिपका नेमका माझ्यावर ठेवला. मग काय, रीघच लागली. प्रत्येकाच्या हातात हातोडा. "एवढासाच घेतो, एवढ्यानं काय होतंय?" जो तो हेच म्हणायचा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. माझं उलट झालं.

परवा ती बाबांना घेऊन आली. मास्तर आता काठी टेकत चालतात. तेव्हा काढलेला आणि इतकी वर्षं टेबलावर ठेवलेला तो तुकडा त्यांनी रुमालात बांधून आणला होता. जिथला तिथे बसवायचा, एवढीच इच्छा.

"बाबा, घडी इथेच होती ना?"

मास्तरांनी माझ्यावरून हात फिरवला. तुकडा इकडे लावला, तिकडे लावला. बसेना. त्याच्या आजूबाजूचंच काही उरलं नव्हतं.

"ठिपका मीच ठेवला हो," म्हणत ती रडू लागली.

"आणि पहिला घाव माझा. चल बाळ, पाय दुखतायत."

जाण्याआधी तिनं ठिपक्याखाली लिहिलं, 'हातोडा आणू नका.'

मित्रांनो, मला शोधत जरूर या. हात लावा, फोटो काढा, माझ्याजवळ बसा. हातोडा मात्र घरी ठेवा. मास्तरांचा तुकडा माझ्या पायाशी पडून आहे. तो माझाच आहे म्हणे. मला ओळखता येत नाही.