पाच टाळ्या

नीट तोडला, तर जगातला कुठलाही शब्द माणसाला घाबरवू शकत नाही, अशी आमच्या बाबांची श्रद्धा होती. आई म्हणायची, "यांच्या हाती काकडी दिली तर आधी बोट चिरतील, आणि निघाले शब्द तोडायला!"

बाबा छापखान्यात इंग्रजी कोशाची प्रुफं तपासायचे. ओळीच्या शेवटी लांबलचक शब्द मावला नाही, की तो कुठे तोडायचा हे ते ठरवत. आधी टाळ्या वाजवून तुकडे मोजायचे, मग कुठल्या तुकड्याचा अर्थ काय ते बघायचं. ताई आणि मी इंग्रजी शिकलो ते टाळ्यांवरच.

मग आईच्या डोक्यात गाठ निघाली. तिला बाहेर बाकावर बसवून बाबा एकटेच डॉक्टरांपुढे गेले. मी गाडी लावायला जागा शोधत होतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. म्हणाले, "सगळं लिहून दिलंय. काही विचारायचंय?"

बाबांनी विचारलं, "यातला 'ओ' पहिल्या तुकड्यात धरायचा की वेगळा?"

डॉक्टरांना उत्तर आलं नाही, हे बाबांनी घरी येईपर्यंत तीनदा सांगितलं.

घरी त्यांनी आईला समोर बसवलं. "ग्लाय-ओ-ब्लास-टो-मा. पाच टाळ्या. ग्लायो म्हणजे सरस, चिकटवायचा. ब्लास्ट म्हणजे कोंब. ओमा म्हणजे गाठ. झालं! यात घाबरण्यासारखं काय आहे?"

आईनेही पाच टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "आणि दिवस किती?"

"ते शब्दात नाही."

"अहो, ताईला कधी बोलवू? तेवढं सांगा. मला तिला बघायचंय."

ताई परदेशी, शाळेत शिकवायची. बाबा म्हणाले, "पोरांच्या परीक्षा आटपून येऊ दे सावकाश."

पुढे आईचे शब्द जायला लागले. ताईचा फोन आला की ती नुसत्या टाळ्या वाजवायची. कधी पाच, कधी तीन. शेवटी एक. ताईला वाटायचं, आई मजेत आहे.

आई गेल्यावर मी बाबांच्या खिशातली चिठ्ठी काढली, उलटली. मागे लिहिलं होतं : आठ ते दहा आठवडे, जवळच्यांना बोलावून घ्यावे.

बाबांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाले, "प्रुफं एकाच बाजूला छापलेली असतात रे. मागे बघायची सवयच नाही."

आई नवव्या आठवड्यात गेली. ताईचं तिकीट बाराव्या आठवड्याचं होतं.