आडवा धूर

डोळे मिटा, मुलांनो, आणि मनातल्या मनात नाक घट्ट धरा. आपण अ‍ॅटलासच्या डोंगरात, इत्तोच्या घरात आहोत. बाहेर गुडघाभर बर्फ, आत लोखंडी शेगडी. इत्तो लाकूड सारायला शेगडीचं दार उघडते आणि धूर भसकन तिच्या तोंडावर येतो.

इत्तोने दार लाथेनं बंद केलं.

"लाथ कुणाला मारतेस?" बाबा खेकसले.

"शेगडीला. ती उलट बोलत नाही ना, म्हणून."

आई बाळाला कांबळ्यात गुंडाळून उंबऱ्याशी उभी होती. खोकून खोकून बाळाचे ओठ निळसर पडले होते. दार उघडलं की गारठा, लावलं की धूर. सगळा हिवाळा असाच चालला होता. धुराचा वास घेऊन इत्तो वर्गात शिरली की पोरं ओरडत, "आलं बघा भाजलेलं वांगं!"

"मोहा, शेवटचं सांगते," आई बाबांना म्हणाली. "धूर गरम असतो तोवर त्याला वरची ओढ असते. तू त्याला भिंतीतून आडवा पळवतोस. वाटेत तो गार पडतो, मग खिंडीतला वारा त्याला परत आत ढकलतो. पूर्वीसारखा पाइप छतातून सरळ वर ने. नाहीतर मी बाळाला घेऊन माहेरी चालले."

"वारा पडला की ओढेल धुराडं."

"वारा! गेल्या हिवाळ्यात काय वारा नव्हता?"

इत्तोच्या हातातलं लाकूड दाणकन जमिनीवर आदळलं. "बाबा, पाइप सरळ होता तेव्हा घरात धूर नव्हता. मग वाकवला कशाला?"

"कशाला म्हणजे? सरळ ठेवला तर त्या हद्दूच्या अंगणात धूर कसा जाणार?"

बोलून गेल्यावर बाबांनी मान फिरवली. हद्दू त्यांचे थोरले भाऊ, गल्लीपलीकडे राहणारे. दोघांच्या सामाईक अक्रोडाच्या झाडावर हद्दूंनी न विचारता कुऱ्हाड चालवली, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

बाळाच्या तोंडावर आईने शाल ओढली आणि ती कोनाड्यातले बाळाचे कपडे काढू लागली.

इत्तो बुटांत पाय खुपसू लागली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"शिडी आणायला. पाइप सरळ करायचाय."

"शिडी त्याच्याकडे आहे."

"माहीत आहे."

"इत्तो, त्या दारात पाऊल टाकलंस तर याद राख!"

"काय कराल? धुरात बसवाल?"

गल्ली ओलांडताना तिच्या मुठी आवळलेल्याच होत्या. काकांनाही ती सोडणार नव्हती. पण अंगणात शिरली आणि थबकली. दोरीवर चादरी थंडीने ताठ झाल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. तिने एकीवर बोट फिरवून पाहिलं. काजळीचा एक कणही नाही.

"इत्तो? ये, ये." हद्दूकाका लाकडं फोडता फोडता थांबले. "बाळाचा खोकला इथवर ऐकू येतो गं. आणि एवढ्या थंडीत तुमचं दार सताड उघडं? तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"काका, तुमच्याकडे आमचा धूर येत नाही?"

"कसला धूर? खिंडीतला वारा इथून तुमच्याकडे जातो. आमचाच धूर तुमच्याकडे येत असेल बघ." ते हसले. मग हसू मावळलं. "का गं? असं का विचारलंस?"

इत्तोचे कान तापले. सगळा हिवाळा बाळ खोकलं, आणि ज्याच्यासाठी खोकलं त्याला पत्ताही नाही! सांगून टाकावं इथेच. गावभर होऊ दे. बाबांना तोंड दाखवायला जागा उरू नये. शब्द अगदी जिभेवर आले.

तिने ओठ घट्ट मिटले. भिंतीलगत बर्फात रुतलेल्या शिडीचं एक टोक धरून तिने सगळा राग हातांत आणला आणि ती खेचली. शिडी लांब होती. दुसरं टोक हललंही नाही.

"तिकडून धरा, काका," ती म्हणाली, आणि आपलं टोक उचलून, मागे न बघता घराच्या दिशेने चालू लागली.