पाहुण्यांच्या नावाने घेतलेला नकाशा

मी या शहराचा नकाशा. उघडलात तर अख्खं टेबल व्यापतो, मिटलात तर पर्समध्ये मावतो. फक्त मिटणं जमायला हवं, आणि ते सहसा कुणाला जमत नाही.

छापखान्यातून निघालो तो स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानात तारेवर लटकलो. मला विकत घेणारे बहुतेक परगावचे. भर रस्त्यात उभे राहून मला खुशाल फडकवतात, कुणाची पर्वा करत नाहीत. माझ्या बाईंचं तसं नव्हतं. त्यांनी आधी मागेपुढे पाहिलं, मग हळूच दुकानदाराला सांगितलं, "पाहुणे यायचेत, त्यांच्यासाठी हवाय." दुकानदाराने काही विचारलंच नव्हतं.

पाहुणे कुणी येणार नव्हते. बाई लग्न होऊन याच शहरात आल्या, इथेच त्यांनी लेक वाढवली, तिला सासरी धाडली. घरी बसून शाळेचे गणवेश शिवायच्या. बाहेर पडायचं ते नवऱ्याच्या स्कूटरवर, मागे बसून. त्यामुळे शहर म्हणजे समोर नवऱ्याची पाठ आणि दोन्ही बाजूंनी पळणाऱ्या पाट्या. वळण आलं की ते वळायचे. बाईंना फक्त कलायचं ठाऊक.

मग एके दिवशी ते एकटेच निघाले असताना स्कूटर घसरली आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. इस्पितळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी जावयाने गाडीतून नेलं-आणलं. त्याला परत आपल्या गावी जायचं होतं. निघताना त्याने विचारलं, उद्यापासून तुम्ही एकट्या जाल ना? बाई म्हणाल्या, मी काय आज आलेय का इथे! लेकीने फोनवर रस्ता सांगणारं काहीतरी चालू करून दिलं होतं. पण ते भर बसमध्ये खणखणीत आवाजात "डावीकडे वळा" म्हणालं, पुढच्या चार माना मागे वळल्या, आणि बाईंनी फोनच बंद करून टाकला. त्याच दिवशी स्टेशनपाशी उतरल्यावर मला घेतलं.

घेतलं खरं, पण उघडायची सोय नव्हती. कधी पर्समध्ये दोन बोटं घालून माझा एखादा कोपरा चाचपायचा, कधी वर्तमानपत्राच्या आड धरायचं, नाहीतर स्वच्छतागृहात शिरून कडी लावायची. शहरातली प्रेक्षणीय स्थळं माझ्यावर रंगीत छापली आहेत. मी प्रत्यक्षात पाहिली ती स्वच्छतागृहं.

ऑपरेशनच्या दिवशी नवऱ्याने बजावलं होतं, "मला आत नेण्याआधी ये." बाई लवकर निघाल्या. मोठ्या चौकात बस बदलायची होती. त्यांनी पर्समध्येच माझी एक घडी उलगडली. इस्पितळाची खूण वरच्या अंगाला होती. वर म्हणजे समोर, असं समजून त्या समोरच्या दिशेने निघालेल्या बसमध्ये चढल्या. नंबर बरोबर होता, दिशा उलटी होती.

घरं विरळ झाली, गॅरेजं लागली, मग नुसत्या गोदामांच्या भिंती. मला कळत होतं. पण नकाशाला हाक मारता येत नाही. शेजारच्या तरुणीने विचारलं, कुठे उतरायचंय तुम्हाला? एका शब्दात काम झालं असतं. बाई म्हणाल्या, "इथेच," आणि उतरल्या. तिथे सिमेंटच्या पाइपांचा ढीग होता आणि एक बांधलेलं कुत्रं.

त्या पोचल्या तेव्हा नवऱ्याला आत नेलं होतं. सकाळीच गावाहून आलेले दीर बाकावरून उठले. "वहिनी, दादा सारखा दाराकडे बघत होता."

"बस बंद पडली," बाई म्हणाल्या. मग पर्स छातीशी इतकी घट्ट धरून बसल्या, की आत माझा चोळामोळा झाला. ऑपरेशन नीट पार पडल्याचं डॉक्टर सांगून गेले, तरी त्यांची मान वर होईना. माझीही झाली नसती. जन्मात एकदा कुणाला माझी खरी गरज पडली, आणि मी अंधारात पडून होतो.

त्या संध्याकाळी बाईंनी कापड कापायच्या टेबलावरचे अर्धवट शर्ट बाजूला केले आणि मला पुरतं पसरलं. एका टोकाला कात्री, दुसऱ्याला इस्त्री. कागदी नमुना कापडावर फिरवून बसवावा तसं मला फिरवत राहिल्या. "दार इकडे, म्हणजे गल्ली अशी गेली," असं पुटपुटत घराच्या दिशेला माझी दिशा जुळवली. मग शिंप्याच्या निळ्या खडूने घरापासून इस्पितळापर्यंत रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी चौकात त्या बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी मला उघडलं, पूर्ण. दोन पोरी खुदकन हसल्या. एक गृहस्थ न विचारता आले आणि मोठ्या आवाजात चुकीचा रस्ता समजावून गेले. बाईंनी मान डोलावली आणि खडूच्या रेघेप्रमाणे गेल्या.

नवऱ्याने विचारलं, कशी आलीस? बाईंनी मला त्यांच्या चादरीवर पसरलं. "हा बघून. आणि काल बस बंद नव्हती पडली. मी उलटीकडे गेले होते."

त्यांनी निळ्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं मागे बसवलं तुला. कधी विचारलंही नाही, दिसतंय का काही."

दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं. सोय म्हणून दोघं माझ्याकडेच बघत राहिले.

आता माझ्या घड्या विरल्या आहेत. बाईंनी मागून शर्टाच्या कॉलरीत घालतात त्या बुकरमच्या पट्ट्या चिकटवल्यात, म्हणून टिकून आहे. नवरा काठी घेऊन घरात हिंडतो. बाहेरची कामं बाई करतात, नवनव्या वाटांनी. हाड सांधलं, पण लाज अजून दुखते. भर रस्त्यात मला उघडण्याआधी त्या अजून एकदा मागेपुढे बघून घेतात.

तुम्ही शेजारून जात असाल तर एवढंच मागणं आहे. थांबू नका, हसू नका, मदतीलाही धावू नका. त्या वाचताहेत. वाचू द्या.