निळ्या गाडीचे पिवळे दार

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे, असे म्हणून सुरुवात करायला हवी. पण तुम्ही मला चालकाच्या बाजूने पाहिलेत, तर तुम्हाला माझे दार पिवळे दिसेल आणि तुम्ही म्हणाल, ही कसली निळी? म्हणून आधीच सांगून टाकते. ते दार माझेच आहे. दुसऱ्या गाडीचे काढून आणून बसवलेले नाही. ते पिवळे कसे झाले हे सांगायचे, तर मला बरेच मागे जावे लागेल. आणि खरे सांगू? त्यातले काही मला अजूनही नीट उमगलेले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने काच बसवली, दुसऱ्याने आसने लावली, तिसऱ्याने चाके. मी नेमकी कोण, काच की चाक, हे मला कळेना. शेवटी एका माणसाने किल्ली फिरवली, पोटात धडधड झाली, आणि मग समजले की हे सगळे मिळून मी एकच आहे. तेव्हापासून गोंधळ आणि मी, आमची जुनी ओळख आहे.

मला घरी आणले अप्पांनी. अप्पा एका छापखान्यात यंत्रांची दुरुस्ती करायचे. दुकानात आले तेव्हा त्यांनी माझा रंग पाहिलाच नाही. बॉनेट उघडायला लावले आणि कान तिरका करून माझा आवाज ऐकत राहिले. रंग पाहिला तो माईंनी. "निळी घेऊ या," त्या म्हणाल्या, "धूळ बसली तरी चांगली दिसते." त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला सगळे बेबी म्हणत. आज तिचे केस पिकायला लागले आहेत, पण ती अजून बेबीच आहे.

अप्पांनी मला कधी गॅरेजचे तोंड पाहू दिले नाही म्हटले तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात जुनी चादर अंथरायची, तिच्यावर पान्हे मांडायचे आणि माझ्याखाली शिरायचे. मग दुपारपर्यंत घरातल्यांना त्यांचे फक्त पाय दिसत. जेवायला हाक मारली की ते पाय हलत, पण बाहेर येत नसत. शेजारी म्हणायचे, "अप्पा, तुमची गाडी म्हणजे नव्यासारखी." त्या दिवशी अप्पा माझ्या काचा पुन्हा एकदा पुसायचे.

आमच्या अंगणात दोन मोठी झाडे आहेत. पानगळ सुरू झाली की आमच्या घरात कुणालाच स्वस्थता नसे. सगळा पाचोळा वाऱ्याने माझ्यावर यायचा आणि समोरच्या काचेखाली जी जाळी असते, तिच्यात अडकून बसायचा. तिथे पाने कुजली की पाणी आत झिरपते. अप्पा एकेक पान बोटांनी उचलून काढत. त्याच दिवसांत घरातली एक खोलीही रंगवायची असे. मग मी रंगाचे डबे, भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी आणि पॉलिश पेपर आणायला जायची, खोलीतले कपाट पोर्चमध्ये यायचे, आणि माईंना चार दिवस कुठलीच वस्तू जागेवर सापडायची नाही. मला ते दिवस आवडत. सगळे दमलेले असत, सगळ्यांच्या केसांत रंगाचे ठिपके असत.

वर्षे गेली. बेबी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. अप्पा निवृत्त झाले. आणि एका पानगळीत मला काही कळेनासे झाले.

अप्पांनी सकाळभर खराट्याने अंगण झाडून पाचोळ्याचा मोठा ढीग केला. पोते आणायला ते आत गेले. परत आले ते पोते न घेताच. ढिगाकडे जरा वेळ पाहिले आणि खराट्याने ती पाने पुन्हा झाडाखाली सारखी पसरून टाकली. मग पहिल्यापासून गोळा करायला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माई पाहत होत्या. त्यांनी हाक मारली नाही. मला वाटले, झाडण्याची ही काही नवी पद्धत असेल.

त्या वर्षी मागच्या खोलीला पिवळा रंग चालला होता. एका दुपारी अप्पा ब्रश आणि डबा घेऊन बाहेर आले. माझ्या दाराच्या मुठीला त्यांनी कागदी पट्टी चिकटवली, काचेच्या कडेलाही चिकटवली, आणि दार रंगवायला घेतले. हात कसा अगदी सफाईदार. एक ओघळ नाही. मला वाटले, आता मी पिवळी होणार तर. जरा वाईट वाटले, पण अप्पा करतात म्हणजे विचार करूनच करत असतील, म्हणून मी उरलेल्या रंगाची वाट पाहू लागले.

माई चहा घेऊन आल्या आणि पायरीवरच थांबल्या.

"अहो, हे काय?"

"दार," अप्पा म्हणाले. "आतली बाजू राहिलीय, ती उद्या."

"हे गाडीचं दार आहे."

अप्पांनी ब्रशकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग फार हळू आवाजात विचारले, "मग ह्याला रंग कुणी लावला?"

माईंनी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. "असू दे," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, गार होतोय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही पॉलिश पेपर आणायला निघालो. दुकान जवळच होते, मी तिथे कितीदा तरी गेले होते. पण अप्पांनी उजवीकडे वळायच्या जागी मला सरळ नेले. पुढे एका चौकाला आम्ही फेऱ्या मारल्या, पुन्हा पुन्हा त्याच. शेवटी एका अनोळखी घरापुढे त्यांनी मला उभे केले आणि इंजिन चालू ठेवून नुसते बसून राहिले. मला रस्ता पाठ होता, मित्रांनो. पण तो सांगायचा कसा? माझ्याकडे हॉर्न होता, तोही दुसऱ्या कुणालातरी दाबावा लागतो.

त्या घरातून एक बाई बाहेर आल्या. "काका, कुणाकडे जायचंय?"

"घरी," अप्पा म्हणाले.

"घर कुठं आहे तुमचं?"

"हेच ना?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. अप्पा गडबडले आणि मला मागे घेताना समोरच्या फाटकाच्या खांबावर आदळवले. माझा मागचा दिवा फुटला. कुणाला काही लागले नाही, पण त्या खांबाशेजारी नुकतीच एक मुलगी सायकल टेकवून उभी होती, आणि ती किंचाळल्याचा आवाज अप्पांच्या चेहऱ्यावर बराच वेळ दिसत राहिला. बाईंनी अप्पांचा फोन घेऊन बेबीला बोलावले.

दुसऱ्या दिवशी बेबी एका मेकॅनिकला घेऊन आली. अप्पा आत झोपले होते. मेकॅनिकने मला सुरू केले, ऐकले, बंद केले.

"ताई, दिवा बदलतो. बाकी गाडीला काहीही झालेलं नाही. काकांनी ठेवलीय मस्त."

"माहिती आहे," बेबी म्हणाली. "म्हणूनच बोलावलं. ती सुरू होणार नाही, असं काहीतरी करा."

मेकॅनिकने कपड्याला हात पुसले. "आजवर लोक उलट सांगत आले मला."

"किल्ली लपवली तर शोधत बसतात. रडकुंडीला येतात. गाडी बिघडली म्हटलं की निदान पटेल त्यांना."

मेकॅनिक इंजिनावर वाकला. इंजिनात प्लगांना ठिणगी वाटून देणारी एक डबी असते, तिच्या आत रोटर नावाचा बोटाएवढा तुकडा फिरतो. त्याने तो काढला आणि बेबीच्या हातावर ठेवला. तेवढ्याशा तुकड्यावाचून मी मुकी झाले. चांगल्या धडधाकट गाडीवर असा इलाज का करतात, हे मला काही केल्या कळेना. माझेच काहीतरी चुकले असणार, एवढेच मी धरून चालले.

आणि मग अप्पा मला दुरुस्त करायला लागले.

रोज सकाळी तीच जुनी चादर अंगणात यायची. अप्पा बॅटरीच्या तारा घासायचे, प्लग काढून कागदावर ओळीने मांडायचे, पेट्रोलची नळी फुंकून पाहायचे. ती डबीही एकदा उघडली. आत पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि झाकण तसेच लावले. आपले काय हरवले आहे, हे त्यांच्या अगदी जिभेवर आले होते आणि तिथूनच परत गेले. किल्ली फिरवली की मी नुसती घरघरत असे. त्यांच्या बोटांची सालटी निघाली. माझ्यावर पाने पडत राहिली, पण आता ती उचलायला त्यांना सवड नव्हती.

एका सकाळी ते पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. माई बाहेर आल्या.

"हात गेला माझा," अप्पा म्हणाले. "छापखान्यातली एवढाली यंत्रं मी आवाजावरून ओळखायचो. ही माझी स्वतःची गाडी, आणि हिला काय झालंय ते कळत नाही. डोक्याचं एक वेळ असू दे गं. पण हातसुद्धा?"

माई तशाच आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात शिवणाचा डबा होता. बटणे बाजूला सारून त्यांनी तळातून रोटर काढला आणि अप्पांच्या शेजारी बसल्या.

"गाडी बिघडलेली नाही. हे आम्ही काढून ठेवलंय."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि बेबीनं."

"का?"

"तुम्ही रस्ता विसरता म्हणून. त्या दिवशी एका मुलीला लागलं असतं."

अप्पा बराच वेळ तो तुकडा बोटांत फिरवत राहिले. मला वाटले, ते रागावतील. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "त्या दाराला रंग मीच लावला का?"

"हो."

"बरा लावलाय," अप्पा म्हणाले. माई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मग अप्पा उठले. डबी उघडून रोटर बसवला, झाकण लावले, किल्ली फिरवली. मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. बॉनेटवर हात ठेवून ते डोळे मिटून उभे राहिले. हात गेला नव्हता. मग त्यांनी मला बंद केले आणि किल्ली माईंच्या हातात दिली.

"तू ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. मी भांडेन, तरी देऊ नकोस."

तुम्हाला वाटेल, इथे सगळे नीट झाले. तसे झाले नाही. दुसऱ्याच सकाळी अप्पांना त्यातले काही आठवत नव्हते. त्यांनी किल्ली मागितली, माईंनी नाही म्हटले, आणि अप्पा खरेच भांडले. "माझ्याच घरात मला चोरासारखं वागवता," असे काहीबाही बोलले. काल स्वतःच्या हाताने देणारे हेच, आज मागणारेही हेच. यातल्या कुठल्या अप्पांचे ऐकायचे? मी गोंधळले होते, पण माई गोंधळल्या नाहीत. त्यांनी कालच्या अप्पांचे ऐकले. किल्ली कमरेला तशीच राहिली.

संध्याकाळी बेबी आली. "माई, विकून टाकू या गाडी. डोळ्यांसमोर नको आणि हा रोजचा तमाशा नको."

मी जागच्या जागी गार पडले. पिवळ्या दाराची जुनी गाडी कोण घेणार? भंगारवालाच.

"विकायची नाही," माई म्हणाल्या. "मला शिकव."

"काय शिकवू?"

"गाडी."

बेबी हसायला लागली. मग आईचा चेहरा पाहून तिने हसू आवरले.

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर आम्ही जाऊ लागलो. माई स्टिअरिंगशी, बेबी शेजारी, अप्पा मागे. माझे जे हाल झाले ते विचारू नका. मी धक्के खात पुढे जायची आणि बंद पडायची, पुन्हा धक्के खायची. बेबीचा आवाज चढायला लागला की माई भलताच गिअर टाकत.

एकदा असेच तीनदा बंद पडल्यावर मागून अप्पा म्हणाले, "क्लच एकदम सोडू नकोस. थोडा सोड आणि थांब. गाडी स्वतः सांगते, आता मी निघते म्हणून. ते पायाला कळेपर्यंत थांब."

माईंनी पाय थांबवला. मी खरोखरच सांगितले, आणि अलगद निघाले. त्या सकाळी काय खाल्ले हे अप्पांना सांगता आले नसते, पण हे आले. बेबी वळून त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून शिकवायचे काम अप्पांचे झाले. माई लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास झाल्या, घरी येऊन तडक भांडी घासत बसल्या, आणि पुढच्या खेपेला पास झाल्या.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. मला फार काही कळते असे नाही. पण एक विनंती करते. घरातले एखादे माणूस किंवा यंत्र थकले, तर त्याच्यापासून लपवून काही करू नका. जे झाले आहे ते त्याच्याजवळ बसून सांगा, विसरले तर पुन्हा सांगा. आणि जे अजून नीट चालते आहे, त्याला काम द्या. नुसते उभे राहून गंज चढतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

माई रोज सकाळी अप्पांना फिरवून आणतात. अप्पा शेजारच्या सीटवर बसतात आणि वळण आले की नसलेला ब्रेक पायाने दाबतात. काही दिवस ते माईंना ओळखतात, काही दिवस नाही. कालचा दिवस ओळखण्याचा नव्हता. चढावर एक मोठा मालट्रक अडला होता. माईंनी मला चढावरच थांबवले आणि वाट मोकळी होताच तसूभरही मागे न जाऊ देता वर नेले. अप्पांनी मान डोलावली.

"बाई, तुम्ही फार छान चालवता," ते अदबीने म्हणाले. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या ह्यांनी," माई म्हणाल्या.

पुढचे वळण आले, तसा अप्पांनी नसलेला ब्रेक दाबला.

"चांगला माणूस दिसतो," ते म्हणाले.

"हो," माई म्हणाल्या आणि त्यांनी गिअर बदलला. "चांगला आहे."